दिवेलागणीचं ऊन

धान कापून झालं की आमच्याकडचं ऊन बदलतं. शेतातल्या बांध्या रिकाम्या होतात, धसकटं तेवढी उरतात, आणि इतके दिवस पिकात मुरणारं ऊन मोकळं होऊन गावाच्या अंगावर येतं. तिरपं, पिवळं, तूप लावल्यासारखं. मोहाडीच्या आमच्या गल्लीत सकाळी माणसं भिंतीला पाठ टेकवून ओळीनं बसतात. कुणी चहाची बशी घेऊन, कुणी लेकराला तेल चोळत, कुणी काहीच न करता. ऊन सरकतं तशी ती ओळही सरकते. यंदाही ती बसायला लागली आहे. मी दार उघडते तेव्हा आधी माणसं बघत नाही, ऊन कुठवर आलंय ते बघते. पायरीपर्यंत, उंबऱ्यापर्यंत, की आत. मग मागे वळून पडदा नीट आहे ना ते बघते. तो नीटच असतो. तरी त्याची कड एकदा हातानं दाबून बघते.

ज्या मुलखात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, तिथे उन्हाळ्याच्या उन्हाला सगळेच भितात. हिवाळ्यातल्या सकाळच्या उन्हाला भिणारं घर मात्र आमचं एकच असावं.

मी फोटो काढते. लग्नाचे, साखरपुड्याचे, बारशाचे, आणि कुणी हौसेनं आलं तर एकट्या माणसाचेही. माहेर माझं बपेऱ्याचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा कॅमेरा सोबत आणला, आणि सासरच्यांनी त्याबद्दल कधी नाक मुरडलं नाही. नवरा वरठीच्या कारखान्यात, रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन. सासऱ्यांना मी आमच्याकडच्या रीतीनं मामाजी म्हणते. ते पिढीजात विणकर. आता बाजारात कापडाचं दुकान आहे, पण घराच्या मागच्या अंगाला मागाची खोली अजून आहे, आणि तिथल्या एका मागावर मामाजी सवड मिळेल तसे बसतात. सासूबाईंना मी आई म्हणते. आणि प्रणाली, माझी नणंद. मी ज्या हिवाळ्याबद्दल लिहिते आहे तो तिचा.

प्रणाली पळायची. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींचा एक घोळका पहाटे तुमसरच्या रस्त्यानं पळत जायचा, त्यात ती पुढे. परत यायची तेव्हा सूर्य चांगला वर आलेला असायचा आणि तिच्या अंगातून वाफ निघतेय असं वाटायचं. काळवंडली म्हणून आई कुरकुरायच्या. ती मुद्दाम सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, उन्हातच उभी राहून तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची. तिचं ते मान मागे टाकून पाणी पिणं मी कितीदा पाहिलं असेल, पण एकदाही कॅमेरा आणायला आत गेले नाही. रोजच्या गोष्टीचा फोटो कोण काढतं?

त्या हिवाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तिच्या नाकावरून दोन्ही गालांवर लाल डाग उमटला. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. आईंनी कोरफड लावली, कांदा चोळला. मग बोटांचे सांधे धरायला लागले. अंगात बारीक ताप राहायला लागला. उशीवर केस दिसायला लागले. भंडाऱ्याचे दवाखाने झाले, आणि शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी त्याला नाव दिलं: ल्युपस. शरीर स्वतःलाच परकं समजून मारायला उठतं, आणि ऊन त्याला चिथावतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावं लागेल म्हणाले. पळणं सध्या बंद. ऊन तर बंदच.

परतीच्या बसमध्ये प्रणाली खिडकीशी बसली होती. दुपारचं ऊन सरळ तिच्या मांडीवर, हातावर पडत होतं. आई तिच्या शेजारी, नवरा आणि मी मागे. ऊन दिसत सगळ्यांनाच होतं, पण तिला सरक म्हणून कुणी म्हणालं नाही. म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. शहापूर मागे पडलं तेव्हा तिनं स्वतःच ओढणी सोडवून हातांवर ओढून घेतली, आणि बाहेर बघणं थांबवून समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिली.

मग घर काळोखं व्हायला लागलं. आधी जाड पडदे आले, मग पडद्यांच्या कडांना चिमटे. मागाच्या खोलीवर कौलं आहेत आणि त्यांत एक काचेचं कौल होतं. त्यातून दुपारी उन्हाचा एक गोल तुकडा जमिनीवर पडायचा आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू भिंत चढायचा. मामाजी त्या वयात शिडी लावून वर चढले आणि त्या काचेवर पत्रा ठोकून आले. खाली उतरून शिडी जागेवर ठेवून दिली. आमच्या घरात भीती अशीच राहायला आली, न बोलता. ती चिमट्यांत होती, खिळ्यांत होती, फडफडलेला पडदा धरायला तिघांनी एकदम उठण्यात होती. पाहुणा आला आणि दार उघडं टाकून बोलत राहिला, तर त्याचं बोलणं कानात शिरायचंच नाही.

आणि मी? माझा धंदाच उन्हावर चालतो. दिवाळीनंतर लग्नं सुरू होतात. नवरा-नवरीला घेऊन कापलेल्या बांध्यांमधून, नदीकाठानं फिरायचं आणि सूर्य कलताना त्यांच्या केसांच्या कडा पेटल्यासारख्या दिसल्या की फोटो काढायचे. सगळ्यांना ते सोनेरी ऊन हवं असतं. संध्याकाळी मी घरी यायचे ती कॅमेऱ्यात ऊन भरून. पलंगावर बसल्या-बसल्या काही करता यावं म्हणून प्रणालीनं माझ्याकडून फोटो दुरुस्त करायला शिकून घेतलं होतं. पडदे लावलेल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून ती परक्या पोरींच्या गालांवरचं ऊन थोडं कमी, थोडं जास्त करायची. कॉम्प्युटरचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडायचा, निळसर. गोळ्यांनी चेहरा सुजला होता. मी दारातून बघायचे आणि आत न जाता परत फिरायचे.

मार्गशीर्षातली एक सकाळ. मी चहा टाकला आणि तिला द्यायला गेले, तर पलंग रिकामा. मोरीत नाही, मागाच्या खोलीत नाही. सांदवाडीचं दार सताड उघडं, आणि त्यातून ऊन आत आलेलं, कुणी पाट काढून पाणी सोडावं तसं. आई माझ्या मागून आल्या आणि ते ऊन बघून दाराची चौकट धरून खालीच बसल्या. मी पळाले. अंगावरच्या कपड्यांनिशी, शालीसकट, अनवाणी. गल्लीतली उन्हात बसलेली माणसं विचारत होती काय झालं, आणि मी न थांबता पुढे जात होते. काय सांगणार होते? आमची पोरगी उन्हात गेली?

ती गावाबाहेर सापडली, पहिल्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. मांडी घालून बसली होती. ओढणी बाजूला, डोळे मिटलेले, तोंड वर केलेलं. धुऱ्यावरच्या गवतावर अजून दव होतं. तिच्या चेहऱ्यावर इतकी शांतता होती की मी क्षणभर थबकले, आणि त्याच क्षणाची मला सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण ती मेल्यासारखी दिसत होती. मग मी माझी शाल तिच्या डोक्यावरून टाकली, पार चेहरा झाकेपर्यंत, आणि तिला उठवलं. शालीच्या आतून ती म्हणाली, "दोनच मिनिटं बसली वो वहिनी. मले आठवतच नव्हतं, कसं लागते ते."

दोन मिनिटं ती नव्हती बसली. तिचे गाल तापलेल्या तव्यासारखे झाले होते.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. ताप चढला. सांधे इतके दुखायला लागले की तिला पेला धरता येईना. पायावर सूज आली. नागपूरला नेलं, भरती केलं. लघवीतून प्रथिनं जायला लागली आहेत, मूत्रपिंडावर ताण आलेला दिसतो, असं डॉक्टर म्हणाले, आणि औषध वाढवलं. दवाखान्याच्या खोलीची खिडकी पूर्वेची होती. सकाळी नर्स येऊन सवयीनं पडदा सारायच्या, आणि आई आणि मी एकदम ओरडायचो. रिपोर्ट यायचा असला की माझा नवरा जिन्यात जाऊन उभा राहायचा. तो खोलीत थांबायचाच नाही. मामाजी दुकान उघडत होते, कारण कुणीतरी काहीतरी नेहमीसारखं करायला हवं होतं. फोनवर ते एवढंच विचारायचे, जेवली का.

ती सावरली. रिपोर्टमधले आकडे हळूहळू खाली आले, सूज उतरली. पण घरी आणल्यावर आमचं सगळं लक्ष तिच्याकडे नाही, दाराकडे असायचं. कडी आता वर लावली होती. आई रात्री उशाशी आणि दिवसा दाराशी. प्रणाली पुन्हा जाईल, ही गोष्ट आम्ही सगळे मनाशी धरून चाललो होतो.

एका संध्याकाळी ती फोटो दुरुस्त करत होती आणि मी शेजारी बसले होते. कॉम्प्युटरवर कुणीतरी नवरी होती, अर्धा चेहरा उन्हात. प्रणालीनं काम थांबवलं आणि तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, वहिनी, माझा एक फोटो काढून दे, उन्हातला. मी म्हटलं काढू, तू बरी झालीस की. तेव्हा तिनं मान वळवली आणि अगदी नेहमीच्या आवाजात, भाजीला काय करायचं असं विचारावं तशी म्हणाली,

"उद्या काही झालं, तर भिंतीवर हार घालाले एक फोटो तर लागन ना वहिनी. तो या अंधारातला नको. असा सुजलेला, झाकलेला. तो पाहून आई रोज रडन."

मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सुरू केला. भांडं नव्हतं, काही नव्हतं, नुसता नळ. हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईंना तर नाहीच. रात्रभर ते वाक्य माझ्या छातीवर बसून होतं. पण त्याच्या खाली आणखी एक भीती होती, आणि ती जास्त व्यवहारी होती. मी फोटो काढला नाही तर ती उन्हात जाऊन बसेल. कधी ना कधी कडी उघडी राहीलच.

फोटोच्या धंद्यात ऊन बनवता येतं. पावसाळी लग्नात, ढगाळ दिवशी, मंगल कार्यालयाच्या बंद खोलीत आम्ही ते बनवतोच. पण ते माझ्यासाठी कामाचं ऊन असायचं, बरं दिसलं की झालं. आता मला असं ऊन हवं होतं, जे ऊन ओळखणाऱ्या पोरीला खरं वाटेल, आणि जे तिला मारणार नाही.

पुढच्या तपासणीला नागपूरला गेलो तेव्हा प्रणालीला बाहेर बसवून मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. मग कागदावर चित्र काढून समजावलं की उन्हात दिसणारा उजेड वेगळा आणि न दिसणारा जाळणारा भाग वेगळा. हॅलोजन नको, फ्लॅश नको. एलईडीत तो जाळणारा भाग नसल्यात जमा असतो. दिवा लांब ठेवा, वेळ थोडा ठेवा, काही जाणवलं तर लगेच बंद करा. मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा तेच सांगितलं. तरी खोलीतून बाहेर पडताना तो कागद मी मागून घेतला. उजेडाशी खेळायला निघाले होते, तेही हिच्या अंगावर.

सूर्य कसा असतो, हे मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. जागा मागाच्या खोलीत ठरवली, कारण तिला पूर्वेची खिडकी आहे. अंधार पडल्यावर, मामाजी दुकानात असताना, दिवा खिडकीबाहेर स्टँडवर लावला आणि आत आईंना, फोटोचं तेवढं सांगून, बसवून बघितलं. वाईट दिसलं. खिडकीच्या गजांच्या सावल्या पंख्यासारख्या फाकल्या होत्या, आणि कपाळ झळाळतंय तर छातीवर अंधार. चोर बॅटरी मारतोय असं वाटत होतं. उन्हाच्या सावल्या फाकत नाहीत. ऊन कपाळाला आणि पायाला सारखंच लागतं, कारण ते फार लांबून येतं. म्हणून दिवा लांब न्यायला हवा होता. गल्ली घराला वळसा घालून त्या खिडकीखालून जाते, आणि पलीकडे कुसुमकाकूंची गच्ची आहे. वायर त्यांच्या घरातून घेतली, दिवा गच्चीच्या कठड्यावर बांधला, थोडा खाली झुकवून, जसा सूर्य सकाळी झाडांच्या वर येतो तेवढ्याच उंचीवर. दिव्यासमोरचं, उजेड मऊ करणारं पांढरं कापड काढून टाकलं. ऊन मऊ नसतं. सावलीची कड धारेची असते.

दिव्यावर पिवळा जिलेटिन पेपर लावला, तर सगळं नाटकाच्या स्टेजसारखं नारिंगी झालं. एक थर कमी केला. तरी काहीतरी खोटं होतं, आणि ते काय हे दोन दिवस कळेना. मग एका सकाळी पायरीवर बसलेल्या माणसांकडे बघताना लक्षात आलं की त्यांचा सावलीतला गाल काळा नव्हता, निळसर होता. तिथे आभाळाचा उजेड पडतो. ऊन एकटं येत नाही, आभाळ सोबत आणतं. मी खोलीच्या आत, वर आढ्याला, एक अगदी मंद निळसर दिवा लपवला. खिडकीसमोर लिंबाची फांदी टांगली. आईंना पुन्हा बसवलं. गच्चीवरून काकूंनी बटण दाबलं आणि आईंच्या मांडीवर पानांच्या सावल्या हलायला लागल्या. मागावर अर्धवट विणलेलं कापड होतं, त्याचे ताणलेले धागे एकेक करून उजळले, आणि कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगताना दिसायला लागले. आईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. नंतर पदरानं तो झाकून घेतला. मी म्हटलं, आई, दिवा आहे. त्या म्हणाल्या हो, ठाऊक आहे. हात मात्र पदरातच राहिला.

आता या गोष्टीला तीन हिवाळे होऊन गेले. प्रणाली आहे. आज सकाळीच तिनं माझ्याशी एका लग्नाच्या अल्बमवरून वाद घातला. तिनं आता स्वतःचं काम उभं केलं आहे, गोंदियापर्यंतचे फोटोवाले तिच्याकडे फोटो दुरुस्तीला पाठवतात. अंधार पडल्यावर ती गल्लीत, मग गल्लीच्या पुढे, मग कधी थेट फाट्यापर्यंत चालत जाऊन येते. सूज नाही, केस परत आले आहेत. मूत्रपिंड सध्या शांत आहे. डॉक्टर 'सध्या' हा शब्द कधीच गाळत नाहीत. तीन-चार महिन्यांनी तपासणी असते, आणि तिच्या आदल्या दिवशी घरात कुणालाच भूक नसते. तो फोटो माझ्याकडे आहे. त्याची मोठी प्रिंट मी काढलेली नाही. प्रणालीनं एकदा विचारलं, मी प्रिंटरची शाई संपली म्हणाले. ती समजली असावी. पुन्हा विचारलं नाही.

तर तो दिवस. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत आम्ही थांबलो. खरं ऊन गेल्याशिवाय खिडकीचा पडदा काढायचा नाही, ही आईंची अट होती. देवाजवळ दिवा लावून झाला, मग मी चिमटे काढले आणि कित्येक महिन्यांनी प्रणालीसमोर मागाच्या खोलीची खिडकी उघडली. बाहेर करडी संध्याकाळ होती. मामाजी दुकानात होते. त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं. आईंचं म्हणणं होतं, सांगितलं तर करू देणार नाहीत.

प्रणालीनं आईंच्या जुन्या साड्यांतली एक मोहरीच्या फुलांच्या रंगाची साडी नेसली होती. मागाजवळच्या स्टुलावर बसली. आई तिच्या मागे उभ्या, हातात काळी घोंगडी, पसरून धरलेली, केव्हाही वरून टाकता येईल अशी. मी खिडकीतून हात हलवला. काकूंनी बटण दाबलं.

ऊन आलं. जमिनीवर गजांच्या सरळ सावल्या पडल्या, त्यांच्यावर लिंबाची पानं, आणि प्रणालीच्या गालावर, गळ्यावर सकाळ झाली. पुढच्या क्षणी स्टूल आडवं पडलं होतं आणि ती मागाच्या पलीकडे, कोपऱ्यात, दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. आईंनी घोंगडी टाकली ती स्टुलावर पडली. मी बंद करा म्हणून ओरडायला तोंड उघडलं, तर प्रणालीच म्हणाली, थांब. तोंडावरचे हात तिनं काढले नव्हते. जी पोरगी सगळ्यांना चकवून धुऱ्यावर जाऊन बसली होती, तीच. त्या सकाळीनं आणि नंतरच्या दवाखान्यानं तिला काय शिकवलं होतं ते तेव्हा मला दिसलं. आम्ही तिच्यासाठी भीत होतो. तिची स्वतःची भीती आमच्या कुणाच्या हिशेबातच नव्हती.

मी कॅमेरा खाली ठेवला आणि त्या उन्हात जाऊन उभी राहिले. तिला हात दाखवला, पालथा, उलथा. बऱ्याच वेळानं कोपऱ्यातून तिची बोटं पुढे आली, नखांपुरती उजेडात, आणि मागे गेली. पुन्हा आली. मग मनगट. मग कोपरापर्यंत हात. ती आपल्याच हाताकडे, एखाद्या जनावरानं अनोळखी वस्तू हुंगावी तसं, बघत होती.

"गरम नाई लागत," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "थोडं बी नाई लागत वो."

हे ती बरं वाटून म्हणाली की वाईट वाटून, ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल. ती उठली, स्टूल सरळ केलं आणि बसली. आईंनी घोंगडी उचलून पुन्हा हातात घेतली, पण या वेळी पसरली नाही. प्रणालीनं चेहरा खिडकीकडे वळवला. डोळे मिटले नाहीत. त्या थंड उन्हाकडे ती सरळ बघत होती, ओठ घट्ट, नाकपुड्या किंचित फुललेल्या. धावायला उभी राहिलेली पोरगी दिसते तशी. मी फोटो काढला. फार काढले नाहीत. एक फोनवर काढला आणि नवऱ्याला पाठवला. तो ड्यूटीवर होता, आणि सकाळपासून तीनदा विचारून झालं होतं त्याचं. त्यानं आनंदाच्या भरात तो घरच्या ग्रुपवर टाकला.

काकूंना दिवा बंद करायला सांगितलं. प्रणालीच्या गालांवरून आईंनी हात फिरवून पाहिला, मग मी, मग तिनं स्वतः. गार होते. आई चहा करायला गेल्या. बाहेर तोवर पूर्ण अंधार झाला होता. वायर गुंडाळायची होती, ती तशीच राहिली.

मामाजी आले ते चपला न काढता, थेट मागच्या खोलीत. दुकान शेजारच्याच्या हवाली टाकून आले होते. एका हातात फोन, त्यावर तोच फोटो. धापा टाकत होते. त्यांच्या मागोमाग आईही चहा तसाच टाकून आल्या. त्यांनी प्रणालीची हनुवटी धरून चेहरा ट्यूबलाइटकडे वळवला आणि उलट्या हातानं दोन्ही गाल तपासले, जसा लहान पोराचा ताप बघतात.

"सकायी उन्हात गेली होती?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. मला वाटतं राग असता तर बरं झालं असतं.

मी सगळं सांगितलं. दिवा, गच्ची, डॉक्टर काय म्हणाले ते. ते ऐकत होते, मान हलवत होते, पण डोळे फोनवरून उठत नव्हते. पानांच्या सावल्या, धाग्यांवरचं ऊन, तिचा उजळलेला गाल. उभा जन्म त्या खोलीत काढलेल्या माणसाला त्या खिडकीतली सकाळ ओळखायला येत नसेल का? माझं बोलणं झाल्यावर ते आईंकडे वळून म्हणाले, तू तरी खरं सांग. आईंनी सांगितलं. तेही त्यांना पटलं नाही. घरात त्या वर्षी सगळेच एकमेकांना बरं वाटावं म्हणून थोडं थोडं खोटं बोलत होतो.

मग मी खिडकीत जाऊन काकूंना हाक मारली, पुन्हा लावा म्हणून.

खिडकी पेटली. अंधाऱ्या गल्लीतून सकाळ आत आली, आणि ती जमिनीवरून प्रणालीच्या पायापर्यंत पोचायच्या आत मामाजी मधे उभे राहिले होते. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी दोन्ही हातांनी ताणून धरला होता. त्यांची सावली तिच्या अंगावर, मागावर, मागच्या भिंतीवर पडली.

"बाबा, लाइट आहे तो," प्रणाली त्यांच्या पाठीमागून म्हणाली. "हात लावून पाहा. गरम नाई लागत."

"मले मालूम हाय," मामाजी म्हणाले.

पण ते बाजूला झाले नाहीत. भिंतीवर दुपट्ट्याच्या सावलीची कड कापत होती. त्यांची पाठ आमच्याकडे होती. खिडकीतल्या त्या उजेडाकडे तोंड करून, हळू आवाजात ते लेकीला म्हणाले, "मले भेव वाटते, माय."

आमच्या घरात तोवर गोळ्यांबद्दल बोलणं झालं होतं, पडद्यांबद्दल, रिपोर्टबद्दल, बसच्या वेळांबद्दल. 'भेव' हा शब्द कुणी काढला नव्हता. चहाचं भांडं उतू जायला लागल्याचा वास आला, तरी आई जागच्या हलल्या नाहीत.

प्रणाली उठली आणि त्यांच्या पाठीला कपाळ लावून उभी राहिली.

"मले बी वाटते, बाबा," ती म्हणाली. "रोज."

दुपट्टा हळूहळू खाली आला. त्यांच्या खांद्यावरून थोडं ऊन तिच्या केसांवर पडलं, आणि त्यांनी ते पडू दिलं. गच्चीवर काकू थंडीत कुडकुडत उभ्या होत्या. तिथून त्यांनी विचारलं, झालं का, बंद करू का दिवा. मी मामाजींकडे पाहिलं. उजेडानं दिपलेल्या डोळ्यांवर त्यांनी हात आडवा धरला आणि खिडकीतून बाहेर, अंधारातल्या काकूंना म्हणाले,

"राहू द्या, वहिनी. अजून जरासा वेळ राहू द्या."